एव्हेनोरचा ग्लोव्ह

चिनांदेगा,
१७ मार्च १९९३

प्रिय एव्हेनोर,

लेओन शहरात तुझ्या आईच्या घरी तू मजेत असशील. म्हणजे गुडघ्याला प्लास्टर घातलेला माणूस जितका मजेत असतो, तितका. आईला माझा नमस्कार. शिओमारा वहिनींना सांग, त्यांनी दिलेले नाकातामाल मी दोन दिवस पुरवून पुरवून खाल्ले.

इकडे ज्वालामुखीची राख रोज पडते. बेसबॉलच्या मैदानावर पाणी मारतात, तासाभरात पुन्हा धुरळा. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. मधेच उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, परत येऊन बसतो.

संघ बरा खेळतोय. रविवारी एका धावेने जिंकलो. तुझ्या शॉर्टस्टॉपच्या जागी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, आता मी उभा राहतो हे तुला कळलं असेलच. पहिल्याच दिवशी प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "ए जोकर, आज कुठल्या पत्त्याच्या जागी?" अकरा वर्षं हेच ऐकतोय. कॅचरचं बोट मोडलं, मी कॅचर. तिसऱ्या बेसवाल्याचं लग्न निघालं, मी तिसऱ्या बेसवर. लांब डावीकडे, लांब उजवीकडे, एकदा तर पिचरसुद्धा. तेव्हा आपण चौदा धावांनी मागे होतो आणि तू पोट धरधरून हसत होतास. पिशवीत चार ग्लोव्ह घेऊन हिंडलो, पण माझी म्हणावी अशी जागा एकही नाही. तू मात्र अठराव्या वर्षापासून शॉर्टस्टॉप. त्या जागेची मला किती हाव होती, ते तुला कधी बोललो नाही.

परवा डॉन कॉर्नेलिओने कचेरीत बोलावलं. आपल्या मॅनेजरला तू ओळखतोसच, आधी कॉफी पाजली. मग म्हणाला, "अकरा वर्षं लोकांच्या खुर्च्या गरम केल्यास, बाबा. ही आता तुझी. एव्हेनोरचा गुडघा काही धड होत नाही, त्याला आम्ही मोकळं करणार. रविवारपर्यंत हो म्हण."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कॉफी मात्र संपवली.

आपली टक्कर होऊन तुझा गुडघा गेला, त्या दिवसाबद्दल तू सगळ्यांना सांगितलंस, "ओफिलिओची काही चूक नाही, बँडच्या गोंगाटात त्याला माझी हाक ऐकू आली नाही." मीही तेच सांगत सुटलो. वहिनींनासुद्धा. त्यावर तू त्यांच्याच हाती तुझा ग्लोव्ह माझ्यासाठी पाठवलास, "तेल लावत जा, मी येईपर्यंत सांभाळ," म्हणून.

एव्हेनोर, बँड थांबला होता. ट्रम्पेटवाला कठड्याला टेकून पानातलं विगोरोन खात होता, अजून डोळ्यांपुढे आहे. चेंडू आपल्या दोघांच्या मधे उंच गेला, तू मागे मागे धावत आलास आणि "माझा!" म्हणून ओरडलास. मला स्वच्छ ऐकू आलं. त्या दिवशी मी तुझ्या मागे, लांब डावीकडे उभा होतो. तुझी हाक आल्यावर थांबायचं, एवढंच माझं काम. नव्या खेळाडूंना हे मीच शिकवतो. पण पाय थांबेनात. डोक्यात एकच, एकदा तरी हा माझा. तोंडून आवाजही निघाला नाही, मी तसाच घुसलो.

तुला पाडायचं नव्हतं मला, आईशपथ. पण ऐकलं होतं.

आता तुझ्या जागेवर उभा राहिलो की चेंडू वर जायच्या आधीच कानात तुझा आवाज येतो आणि मी दचकून मागे बघतो. लोकांना वाटतं, मी फार सावध आहे.

ग्लोव्ह या पत्राबरोबर बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. तेल लावलंय. शनिवारी डॉन कॉर्नेलिओला हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून ही घाई. पुढे मला ठेवायचं की काढायचं, ते त्यानं बघावं. यानं तुझा गुडघा बरा होणार नाही, हे मलाही कळतं.

शिव्या दे, पण गप्प बसू नकोस. एकदा हाक मार. या वेळी मी थांबेन.

तुझी हाक ऐकलेला,
ओफिलिओ