काठीवाल्यांची वेबसाइट

प्रिय काठीवाले,

रोजच्यासारखा मेल न करता कागदावर लिहितेय, याचं नवल वाटेल. मेलवर आपण दोघंही फार सभ्य वागतो.

तुमची चौकशी आली तेव्हा माझ्याकडे कामाचा ठणठणाट होता. वेबसाइट बनवणं एक वेळ सोपं, गिऱ्हाईक मिळवणं आणि टिकवणं महाकठीण. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून 'साइट कशी चाललीय?' विचारायचं, नव्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि 'कळवतो' ऐकून घरी यायचं. अशात 'आमचं हातकाठ्यांचं दुकान आहे, वेबसाइट हवी' हे वाचून मी उडीच मारली. खाली एक ओळ होती, 'काम करा, पण जेवण वेळेवर घेत जा.' आजवर एकाही गिऱ्हाइकाने माझ्या जेवणाची काळजी केलेली नाही. तिथेच ओळखलं, बाबा.

मी नोकरी सोडली तेव्हा 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस' म्हणालात. मीही फटकन बोलले आणि मग दोघांनीही फोन केला नाही. हट्टात आपण बाप-लेक कोणाला हार जाणार नाही. म्हणून मी ओळख दिली नाही. तुम्ही बटण डावीकडे घ्यायला सांगितलंत, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर डोकं धरून बसले असते. तुमच्या प्रत्येक बदलाने मात्र बरं वाटायचं, आणखी एक मेल येणार म्हणून.

काठ्यांचे फोटो मी मोठे करून बघायचे. मागे आपली खिडकी, तुमची खुर्ची आणि खिडकीत गोळ्यांचं नवं पाकीट. घाबरून विचारलं, 'मालकांची तब्येत कशी आहे?' उत्तर आलं, 'मालक ठणठणीत. डिझायनर वाळली तर नाही ना?' त्या दिवशी हसता हसता रडले.

साइट कधीच तयार झाली होती. शेवटचं पान मीच रखडवलं, कारण काम संपलं की गिऱ्हाईक गप्प होतं, हा माझा अनुभव. मग वाटलं, असं किती दिवस लपायचं? गेल्या आठवड्यात तुम्हाला न विचारता साइट चालू केली. आणि काय सांगू, डोंगर चढणाऱ्या एका मंडळाला डझनभर काठ्या हव्यात! एका आजींना मुठीवर पोपट हवाय. तुमच्याकडे काठ्या तीनच आहेत, मला ठाऊक आहे. सगळ्या फोटोंत त्याच उलटसुलट धरल्या आहेत. सुतारकाम सोडल्यापासून रंधा गंजला असेल, तो काढून ठेवा.

रविवारी मी येतेय. काठ्या निमित्त आहेत, बाबा. मेल केला असता तर काठीवाल्यांनी उत्तर दिलं असतं आणि मला तुम्ही हवे आहात. जेवायलाच येते. वेळेवर.

तुमचीच,
ठमी