गालावरचा गंज

गुरुवार, संध्याकाळ. नवीन जालना.

जीव थाऱ्यावर न्हाई. जर्मनीहून आलेली शिल्पकार उर्सुलाबाई आमच्या फाउंड्रीत लोखंडाची पदकं ओतून राह्यली, अन् मी तिची दुभाषी. एका पदकावर माझ्या आईचा चेहरा आहे, तळहाताएवढा. तो दाखवायला आज बाईला घेऊन धावड्याला, आईकडे गेल्ते.

आईनं पदक न्याहाळलं, पदरानं पुसलं. गालावरच्या तांबड्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय गं?"

"गंज. बाईनं मुद्दाम चढू दिला म्हणते. असंच तिकडं प्रदर्शनात मांडू का, विचारते."

"माझ्या तोंडावर गंज? न्हाई म्हणून सांग तिला."

तसंच सांगितलं. जरा गुळमुळीत सांगितलं असतं तर? पण तोंड आईचं, शब्दही आईचाच.

बाईनं आईची बोटं पदकावर मिटवली अन् म्हणाली, "तुमचंच आहे. ठेवा."

आईनं लगेच त्याला तेल चोळलं. डाग काही गेला न्हाई.

बाईचं सगळ्यात चांगलं काम होतं ते. मी आईचं ऐकलं, ते बराबरच केलं. मंग तो गंज मला इतका सुंदर का वाटून राह्यला?