उणे चिन्हाचा अर्थ

बाई,

तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा सीरियल पोर्ट काय असतो ते थोडक्यात सांगतो. दोन यंत्रांनी एकमेकांशी एकेक अक्षर बोलायची ती वाट. बोलण्याआधी वेग किती, अक्षर केवढं, आणि प्रत्येक अक्षरामागे पडताळणीची खूण लावायची की नाही, यावर दोघांचं एकमत लागतं. ते युनिक्स या संगणकप्रणालीत एक आज्ञा देऊन जुळवायचं. इथे जर्मनीत, डार्मश्टाटला, आमच्या प्रयोगशाळेतला जुना वजनकाटा अशी खूण लावून आकडे पाठवतो. मी आज्ञेत खुणेच्या नावाआधी उणे चिन्ह दिलं, कारण इतर आज्ञांत उणे लावलं की ती गोष्ट चालू होते. या आज्ञेत बंद होते. तुमचा नञ्, बाई, नकाराचा. काही आकडे धड आले, काही गिचमीड, आणि मी बाणेदारपणे तक्रार नोंदवली: केबल सदोष.

केबल आमच्या वयस्कर तंत्रज्ञांनी बनवलेली. त्यांनी ती उसवून पुन्हा सोल्डर केली, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. "आल्झो," म्हणजे तर मग, "केबल ठीक आहे," ते म्हणाले. "मग काटा थापा मारतोय का?" मी म्हणालो. साहेबांनी फर्मान काढलं, यापुढे यांच्या केबली दुसऱ्या कुणीतरी तपासायच्या. आयुष्यभर केबली केलेल्या माणसाने ते ऐकून चष्मा पुसला.

नववीतला तुमचा संस्कृतचा तास आठवतो. फळ्यावर 'शिष्योऽज्ञः', आणि मी ऐटीत अर्थ सांगतोय, शिष्य जाणता आहे. तुम्ही अवग्रहावर खडू ठोकता. "हे काय, चिलट बसलंय? इथे 'अ' लपलाय. शिष्य अजाण आहे. उदाहरण शोधायला लांब जायला नको, बस खाली." नकाराचं चिन्ह न बघता वाचायची माझी खोड जर्मनीपर्यंत आली, व्हिसा तिलाही मिळाला असावा.

काल साहेबांसमोर सांगितलं, केबल उत्तम आहे, चूक माझ्या आज्ञेत होती. तंत्रज्ञ म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि कामाला लागले. फर्मान मागे घेतलं गेलं. चूक सापडली कधी, हे कुणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी दुपारी सापडली होती, बाई. दुसऱ्या दिवशीचं सोल्डरिंग मी शेजारी उभा राहून, कॉफी पीत, होऊ दिलं. हे त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगणं सोपं, कारण हे पत्र कुठेच जाणार नाही.