खरखरीची दिशा

गिरगाव, सोमवार, ९ फेब्रुवारी १९५९

प्रिय सीताराम,

माझं अक्षर पाहून पाकीट तसंच ठेवून द्यावंसं वाटलं असेल. पण वाच. मला लिहिणं जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. ऑफिसची टिपणं सोडली तर तुझी सरोजिनीवहिनी गेल्याची पत्रं हेच माझं शेवटचं लिहिणं, आणि त्यांवरचे पत्तेही तूच घातले होतेस.

रेडिओची ती जाळी अजून माझ्या खिडकीत आहे. सगळ्या चाळीदेखत तुझ्यावर आळ घेतला तो तिच्या भरवशावर, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सरोजिनी गेल्यानंतरच्या दिवाळीत संध्याकाळच्या बातम्यांना खरखर येऊ लागली. सकाळी आवाज स्वच्छ, आणि संध्याकाळी चाळ माझ्या दारात जमली की कढईत लाह्या फुटाव्यात तसा. संयुक्त महाराष्ट्राचं काही सांगतायत असं वाटावं आणि नेमकं तेच बुडावं. छपन्न साली आपल्या चाळीतले चौघे पोलिसांनी थेट घरातून उचलले होते, तेव्हापासून जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होता. गणपत म्हणाला, "खबऱ्या चाळीतच आहे. आता बातम्यापण ऐकू देत नाय." मला ते पटलं. त्या दिवसांत मला असलं काहीही पटत असे.

खरखर कुठून येते ते शोधायला जाळी करायची युक्ती तुझीच. गिरणीतला वायरमन तू, मला साधा फ्यूज घालता येत नव्हता. लाकडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या ठोकल्यास, टोकांना करवतीनं खाचा पाडल्यास, त्यांतून तांब्याच्या तारेचे बारा वेढे मी धरले आणि तू ओढलेस. जुन्या सेटमधला कंडेन्सर खाली बसवलास आणि सगळं खिडकीत एका खुंटीवर फिरतं ठेवलंस. कमलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "पंत, पापड वाळत घालणार की कावळे धरणार?" सरोजिनी गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो. तू मला दाखवलंस, की खरखर जिथून येते तिकडे जाळीचं तोंड केलं की ती मरते. आणि हेही म्हणालास, "पण हिचा भरवसो धरू नको रे. हिका तोंड आणि पाठ सारखीच." ते मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं आता म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी तू पाळीवर असताना मी जाळी फिरवली. खरखर मेली तेव्हा जाळीचं तोंड चौकापलीकडे सरळ तुझ्या खिडकीवर होतं. आठ दिवस रोज पाहिलं, रोज तेच. मग तुझं एकेक आठवू लागलं. सत्याग्रहाला सगळे गेले, तू गेला नाहीस. बातम्यांच्या वेळी तुझी खिडकी बंद असे. पाळी सुटल्यावर दोन-दोन तास तू कुठे असतोस, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विजेचं सगळं तुलाच कळतं. मला जाळी करून दिलीस ती माझा संशय दुसरीकडे वळवायलाच, इथपर्यंत मी पोचलो. मी तुला एका शब्दानं विचारलं नाही. आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांदेखत जाळी फिरवून दाखवली. मग सगळ्यांनी तुझी खोली धुंडाळली. काय सापडलं? एक डाख द्यायची सळई आणि उघडून ठेवलेला पंखा. ते पुरे झालं. नळावर मालनवहिनींची बादली बाजूला सारली जायची. संक्रांतीला कोणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तुम्ही भायखळ्याला गेलात.

तू सामान हलवलंस त्याच संध्याकाळी, तुझ्या खोलीला कुलूप असताना, खरखर आली. मी रेडिओ बंद केला आणि सेट बिघडला म्हणून सांगितलं. मग दार लावून, हळू आवाजात एकटाच ऐकायचो. गेल्या श्रावणात सरोजिनीच्या फोटोपुढचा लाल बल्ब गेला. दिवेलागणीला तो लावायचा आणि मगच रेडिओ, हा माझा नेम. नवा आणीपर्यंत दोन दिवस गेले, त्या दोन्ही संध्याकाळी आवाज स्वच्छ होता. नवा लावताच खरखर परतली. होल्डर सैल होता, आत ठिणग्या उडत होत्या. तो फोटो कुठे आहे ते तुला माहीत आहे. खिडकीसमोरच्या भिंतीवर, जाळीच्या बरोबर पाठीमागे. खरखर तुझ्या खिडकीतून नव्हे, तिथून येत होती. हे कळूनही मी सहा महिने गप्प राहिलो. आपल्या चुकीची लाज वाटली एवढंच कारण नाही. तिच्या दिव्याचं नाव अशा गोष्टीत चाळीत घ्यायला तोंड उघडेना. तू खिडकी का लावायचास, दोन तास कुठे जायचास, ते मी आता विचारणार नाही.

काल दादरहून एक गृहस्थ आले होते, तुझ्या शांताच्या स्थळाकडचे, मुलाचे मामा. मुलीची माणसं कशी, चाळ सोडून का गेली, ही चौकशी. गणपतनं त्यांना माझ्याकडे धाडलं. मी चहा दिला आणि म्हणालो, माणूस चांगला, बाकी मला काही ठाऊक नाही. ते उठले. जिन्यात गणपतचा आवाज आला, "पंत काय बोलले नाय ना? मग समजून घ्या काय ते." मी अनवाणीच खाली धावलो, ट्रामच्या थांब्यावर त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाले, "मघाशी ठाऊक नव्हतं, आता एवढं ठाऊक झालं?" त्यांचंही बरोबर आहे. मी त्यांना येत्या रविवारी सकाळी दहाला चाळीत बोलावलं आहे, बैठकही बोलावली आहे. तो सैल होल्डर मी ठेवला आहे. तोच लावीन, रेडिओ लावीन आणि सगळ्यांसमोर जाळी फिरवीन. ते लग्न जुळवतील की नाही, सांगता येत नाही. तू आला नाहीस तरी मी हे करणारच आहे. पण आळ सगळ्यांदेखत घेतला होता, तो तुझ्या माघारी उतरवणं मला बरं वाटत नाही. म्हणून लिहिलं. मालनवहिनींनी येऊ नका म्हटलं, तर त्यांचं ऐक.

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझाच
गंगाधर