आईची जट

निरवांगी, १९५६

हिंदुराव,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहावा, तर हात उठत न्हाय. तू काढलेला सिनेमा इंदापूरच्या तंबूत लागला. तुझा म्हणून आईलाबी घेऊन गेले.

त्यातली बाई उदास होऊन अंथरूण धरती, आणि शेवटी सूर्य विझून सगळं जग संपतं. आईसारखंच तिनं भिंतीकडं तोंड केलंय. पण केस कसे, तेल लावून चापूनचोपून बसवलेले!

आपली आई तशी पडली, तवा तू पुण्यात व्हतास. तिच्या केसांची जट झाली. बाया म्हणाल्या, हे देवीचं बोलावणं हाय, हात लावू नको. हळदकुंकू घेऊन तिच्या पाया पडाय आल्या. मी त्यांना हाकललं आणि एरंडेल चोळून एकेक बट सोडवली. जग काय संपलं न्हाय, हिंदुराव. रोज उजाडायचं, तेच तिला सोसत नव्हतं.

तंबूतनं निघताना आईनं एवढंच इचारलं, "त्या बाईची वेणी कोण घालतं गं?"

हे पत्र टपालात टाकणार न्हाय. तू ह्याचाबी सिनेमा काढशील.

आईची वेणी घालणारी थोरली,
कुशा