नारिंगी दोरी

प्रिय नागोजीमामा,

अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. तुमच्या पूजेच्या पोथीत असतं तेवढं. तुम्हीच म्हणाला होतात की देवनागरी वाचता येतं, पण बैलगाडीच्या स्पीडने. घाई नाही. डोळे दुखले तर हेमलताअक्कांना द्या वाचायला, त्यांनी हिंदीच्या परीक्षा दिल्यात ना. अक्का, नमस्कार. मी रेवा. तुमचे सासरे एन्नोरला तुमच्याकडे राहायला यायच्या आधी मुट्टुकाडूच्या खाडीत बोट चालवायचे, त्या बोटीच्या मागे दोरी धरून पाण्यावर स्की करणारी मुलगी ती मीच. फोन नाही केला कारण इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून मामांना फोनवरचं ऐकू येत नाही, आणि मला फोनवर बोलता येत नाही. आम्ही दोघं नुसतं हॅलो हॅलो करत बसलो असतो.

इथे सगळं आहे तसंच आहे. नवी बोट आली ती तुम्ही जाताना बघितलीत. पांढरीशुभ्र, आवाजच करत नाही. तुमची निळी बोट शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. कावळे बसतात तिच्यावर. मी जाता येता एकदा ताडपत्रीच्या आत हात घालून येते, का ते माहीत नाही. नवीन बोट कदिर चालवतो. चांगला आहे, पण तमिळ इतकं भरभर बोलतो की मला निम्मं कळतं, मग मी मान हलवते. तो मला मौनसामी म्हणतो. काय मौनसामी, आज तरी तोंड उघडणार का, की पाणी प्यायलाच उघडणार? सगळे हसतात. मीही हसते.

घरी कुणी नसतं. बाबा सकाळीच सिरुसेरीला ऑफिसला, आई तिकडे टी. नगरच्या बँकेत, ती येते तेव्हा तिच्यात बोलायचं त्राण नसतं. मी खाडीवरून बसने घरी येते, जेवते, ओले कपडे वाळत घालते. मग संध्याकाळ व्हायची वाट बघते. परवा लक्षात आलं की दिवसभरात मी लिफ्टमधल्या एका काकूंना फक्त 'सेकंड फ्लोअर' एवढंच म्हटलं होतं. तेही त्यांनी विचारलं म्हणून. तुम्ही होतात तेव्हा निदान रोज भांडायला तरी कुणी होतं, तुमचं मराठी खरं की माझं.

आठवतं का, पहिल्याच दिवशी? बाबांच्या ऑफिसची ट्रिप आली होती तुमच्या क्लबवर. मी नववीतच शाळा सोडली होती. नाशिकहून इथे आल्यावर वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाजच बाहेर यायचा नाही, पोरं हसायची, मग जाणंच बंद केलं. त्या दिवशी मी सगळ्यांपासून लांब धक्क्यावर बसले होते. आणि तुम्ही बोटीतून म्हणालात, पाप्पा, इकडे ये, बैस. पाप्पा म्हणजे तमिळमध्ये छोटी पोर, हे मला नंतर कळलं. तमिळ माणूस मराठी बोलतोय म्हणून मी दचकले. तुम्ही म्हणालात, मी तंजावूरचा मराठा, आमचे लोक तुमच्या आधीपासून इथे आहेत, तूच पाहुणी. मग तुम्ही विचारलंत स्की करणार का, मी मान हलवली, तर म्हणालात, जा, बाबाला पुसून ये. मी टॉवेल घेऊन गेले. बाबा म्हणाले, हे काय? म्हटलं, त्या काकांनी तुम्हाला पुसायला सांगितलंय. तुमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं, हे मला काय माहीत! तुम्ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होतात. किती महिन्यांनी माझ्यावर कुणीतरी हसलं आणि मला वाईट नाही वाटलं.

आता अक्कांसाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी करते त्या स्कीच्या प्रकाराला स्लालम म्हणतात, त्यात बोट सरळ मधून जाते. दोन्ही बाजूंना लांब लांब बोये, म्हणजे खुणेचे गोळे, तरंगत असतात, सगळे मिळून सहा. आपण दोरीच्या टोकाला, एका स्कीवर उभं राहून एकदा उजवीकडचा बोया, एकदा डावीकडचा, असं प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. बोट कुणासाठी थांबत नाही. सहाही जमले की पुढच्या फेरीला दोरी आखूड करतात. आधी पूर्ण दोरी, मग लाल खुणेपर्यंत, मग नारिंगी खुणेपर्यंत. दोरी जेवढी आखूड तेवढं बोयापर्यंत पोचणं अवघड, आणि एकाला उशीर झाला की पुढच्या सगळ्यांना उशीर होत जातो. तेव्हा बोटीचा वेग जरासा जरी कमी झाला तरी स्कीवाल्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

नारिंगी दोरीला माझे सहाच्या सहा आले तो दिवस तुम्हाला आठवत असणारच. बाबांनी धक्क्यावरून व्हिडिओ काढला. तो त्यांनी ऑफिसात दाखवला, नाशिकला नंदितामावशीला पाठवला, वॉचमनलासुद्धा दाखवला. त्या रात्री आई म्हणत होती की आता पुरे, हिला परत शाळेत घालू. तर बाबा म्हणाले, अगं, आपली पोरगी आयुष्यात पहिल्यांदा कशाततरी पुढे आहे, राहू दे की. त्या एका व्हिडिओवर मी राहिले. आता येत्या रविवारी निवडचाचणी आहे. बेंगळुरूहून लोक येणार आहेत. निवड झाली तर पुढचं वर्ष त्यांच्या कॅम्पमध्ये, पाण्यावर. नाही झाली तर जूनमध्ये मी नाशिकला मावशीकडे, नववीच्या वर्गात, माझ्याहून लहान मुलांमध्ये. हे आईबाबांनी ठरवलंय आणि मला त्यात बोलायला काही जागा नाही, कारण नारिंगी दोरी मला येते असं सगळ्यांना वाटतं.

मामा, नव्या बोटीच्या मागे ती मला येत नाही. एकदाही नाही. चौथ्या बोयानंतर मी मागे पडते आणि हातातून दोरी जाते. आधी वाटलं स्कीचा पट्टा सैल झालाय. मग वाटलं पाण्यात जेलीफिश आलेत म्हणून मी घाबरते. कदिर म्हणाला, ह्या बोटीला कम्प्युटर आहे, एकदा वेग लावला की लावला, साक्षात मुरुगन जरी मागे स्की करत असला तरी कमी करणार नाही. मी मान हलवली. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

त्यानंतर दोन दिवसांनी मी बसमध्ये होते. पुढच्या सीटवर एक बाई, तिचा मुलगा आणि छोटी मुलगी. दोघांची खिडकीवरून मारामारी. मुलगा आधी बसलेला, म्हणजे खरं तर खिडकी त्याचीच. ती बाई त्याला म्हणाली, विट्टु कोडु डा, चिन्न पाप्पा दाने. मला प्रत्येक शब्द कळला. विट्टु म्हणजे सोडून, कोडु म्हणजे दे. सोडून दे रे, लहान आहे ना ती. तो मुलगा फुरंगटून उठला आणि ती छोटी जिंकल्यासारखी खिडकीत बसली. तिला वाटलं, तिनेच मिळवली.

मामा, त्या व्हिडिओच्या दिवशी मी बोटीत चढले तेव्हा तुम्ही तोंड पुसत काय म्हणालात? 'आज सोडून दिलों, पाप्पा.' मला वाटलं, तुमच्या त्या 'मी जेवण केलों'सारखं काहीतरी, बोट मोकळी सोडली, जोरात सोडली, असं. मला तर मस्त वाटलं की एवढ्या जोरात सोडलेल्या बोटीच्या मागे मी टिकले. तुम्ही तमिळमधलंच मराठीत सांगत होतात. नमतं घेतलं, माघार घेतली, लहान आहे म्हणून तिला दिलं. तुम्ही लपवलं नव्हतंच. तोंडावर सांगितलंत, मला कळलं नाही.

आणि खरं सांगू, ऐकू यायचं मला. तिसऱ्या बोयानंतर इंजिनाचा आवाज थोडासा खाली यायचा. मला वाटायचं वारा फिरला.

दोन दिवस मी पाण्यावर गेलेच नाही. खूप राग आला होता. तुम्हाला दोरीतूनच कळलं असणार ना, माझी ओढ कमी पडतेय, ही आता जाणार. म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं की मला जमणार नाही. सगळ्यांना वाटायचंच तसं, पण तुम्हालाही? मग तिसऱ्या दिवशी गेले, पडले, पाण्यात तरंगत बोट वळून यायची वाट बघत होते, तर एकदम रडू आलं. ते रागाचं नव्हतं. ती पांढरी बोट लांबून येत होती, आणि मला वाटलं, आता ह्या अख्ख्या गावात माझ्यासाठी कुणी जरासुद्धा हळू होत नाही.

काल बाबांना सांगितलं. ते शर्ट इस्त्री करत होते. म्हटलं, बाबा, मला नारिंगी दोरी येत नाही. ते म्हणाले, वेडी आहेस का, तो व्हिडिओ? म्हटलं, व्हिडिओत मी आहे, पण वेग मामांनी कमी केला होता. ते तीच बाही परत परत इस्त्री करत राहिले. मग म्हणाले, म्हणजे त्या म्हाताऱ्याने फसवलं आपल्याला. मी म्हटलं, नाही! इतक्या जोरात की आई स्वयंपाकघरातून बघायला आली, घरात कोण आलंय म्हणून. बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, चाचणीचं काय, नाव काढून घेऊ? मी म्हटलं, नको. लाल दोरीने सुरू करीन. लाल दोरीला नव्या बोटीमागे माझे कधी सहा येतात, कधी पाच. लाल दोरीवर ते लोक कुणाला घेत नाहीत, हे बाबांनाही माहितीये. त्यांनी मावशीला फोन लावला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तुम्ही असं का केलंत ते मी पुसत नाहीये. तुमच्याच भाषेत पुसत नाहीये. राग अजून थोडा आहे, तो राहू दे. पत्र वेगळ्यासाठी लिहिलंय. रविवारी बोटीत ड्रायव्हरच्या शेजारी मागे तोंड करून एक जागा असते, स्कीवाल्याकडे बघायला. ती जागा आपल्या माणसाला देता येते. बाबांची होती, मी त्यांच्याकडून मागून घेतली. मामा, तुम्ही दोन वर्षं मला ओढलंत, पण तुमचं तोंड कायम पुढे, मी तुम्हाला आरशात टिकलीएवढी दिसत असणार. तुम्ही मला स्की करताना बघितलेलंच नाही. बाबा पहाटे गाडी घेऊन एन्नोरला येतील, त्यांनी कबूल केलंय, रस्त्यात ते तुम्हाला काही बोलणार नाहीत, मी तसं वचन घेतलंय. तुम्ही फक्त येऊन त्या जागेवर बसा. सहा आले तर सहा, चारला पडले तर चारला पडलेली बघा. नाशिकला मला ह्यातलं काही कुणाला सांगता येणार नाही, तुम्हाला माहितीये माझं. निदान एका माणसाने तरी ते नीट बघितलेलं असू दे.

वाट बघणारी, तुमचीच,
रेवा