फरशीवरचं बीट

प्रिय बारक्या,

केळ्याची सालं उकळायला ठेवून लिहायला बसले आहे. दोन पातेली आहेत, तासभर तरी कुणी हाक मारणार नाही. तुला तो वास आठवत असेल. गोणपाटाला ताप आल्यासारखा वास येतो, असं तू म्हणायचास आणि नाकाला रुमाल लावून मुद्दाम दोनदा आत यायचास. गेल्या आठ महिन्यांत मी तुला तीन पत्रं पाठवली. तब्येत सांभाळ, पांघरूण पाठवते आहे, वकील भला माणूस आहे. तिन्ही दिवशी डायरीत मात्र एकच ओळ आहे: 'बारक्याला पत्र. खरं काही लिहिलं नाही.' म्हणून हे चौथं. तुझ्याआधी तुरुंगातला कुणीतरी ते फोडून वाचेल. वाचू दे.

कारखाना मी पुन्हा सुरू केला. कारखाना म्हणजे तीच, तुझ्या मटणाच्या दुकानामागची खोली. दुकानाचं शटर बंदच आहे. मधलं दार मी आतून कडी घालून ठेवते. रसवाला अजून कलिंगडाच्या साली आणि अननसाचे मधले दांडे ठेवतो, भाजीवाली फ्लॉवरचे देठ आणि बीटची सालं देते. परवा म्हणाली, "ताई, माझा कचरा तुमच्याकडे येऊन मोठा साहेब होतो, आणि मी आहे तिथेच." मी हसले. हसल्यावर लक्षात आलं की ही चेष्टा सांगायला घरात कुणी नाही.

सालीचं मटण होतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते तू शिकवलंस, हे मी कुणालाही सांगेन. पहिलं वर्षभर मी नुसता लगदा करत होते. तू चव घ्यायचास, डोळे मिटायचास आणि निकाल द्यायचास: "ताई, ही ओली सतरंजी आहे." मग एक दिवस तू मांडीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालास, ओढ. कुठून सुटतो बघ. कुठे हट्ट करतो बघ. धागा कसा एका दिशेने जातो, आडवं कापलं की का मऊ लागतं, चरबी कुठे लपते, सगळं सांगितलंस. मेलेल्या जनावराबद्दल इतक्या मायेने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून आपण सालीचे धागे काट्याने सोडवून, फडक्यात पिळून एकाच दिशेने रचायला लागलो. कणीक पाण्याखाली धुऊन उरणारा रबरासारखा गोळा त्यांना धरून ठेवायला, वर दगडाचं वजन. आणि रंगाला बीट. बीटचं पाणी रोज सांडायचं. त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं की लाल रंग बघता बघता पिवळा पडतो; मग एका फडक्यात फरशी साफ. तुझी बायको पहिल्यांदा ते पाहून टाळ्या वाजवत म्हणाली होती, "वन्सं, तुम्ही चेटकीण आहात." तिला मी मनी म्हणायला लागले ते तेव्हापासून. मांजरासारखी आवाज न करता यायची आणि एकदम खांद्यापाशी बोलायची.

तुला राग येत असेल की ताई एवढं लांबण का लावते आहे. लावते आहे, कारण पुढचं मी स्वतःच्या डायरीतही कधी लिहिलेलं नाही. सकाळी भात करपला तरी लिहिणारी मी, आप्पांच्या मटण तोडायच्या ठोकळ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदाची. आप्पा कापत असताना तू तंगडी धरून उभा होतास आणि सत्तूर खाली आला तेव्हा तू दचकलास. एवढंच झालं. आप्पांनी दुकान बंद केलं, तुझा डावा हात बोटं फाकवून ठोकळ्यावर ठेवला आणि सत्तूर आणला. पाच बोटांमधल्या चार फटी. प्रत्येक फटीत एक घाव. मला म्हणाले, "मोज. मोठ्याने." माझा आवाज चिरकला तर पुन्हा एकपासून. हे आठवडाभर रोज दुपारी चाललं. दुसऱ्या दिवशी तुझी चड्डी ओली झाली, तेव्हा त्यांनी तुझ्या कानाखाली अशी मारली की तू ठोकळ्याच्या कडेवर आपटलास. तुझ्या भुवईवरची खूण तीच. लाकडाची एक ढलपी उडून माझ्या ओठाला लागली, तरी मी मोजत राहिले. स्वच्छ, न थांबता. मी नीट मोजलं तर लवकर संपेल, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं होतं का, की मी नीट मोजलं तर माझा हात ठोकळ्यावर येणार नाही म्हणून मोजत होते? तीस वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही. आठवड्याने तू दचकेनासा झालास. गल्लीत मला शपथ घातलीस: आईला नाही, कुणालाच नाही, मेलो तरी नाही. मी शपथ पाळली. तूही पाळलीस, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि या पत्रातलं सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

पुढे तू बर्फवाल्याचा जबडा फोडलास. वजनावरून वाद झाला म्हणून एका गिऱ्हाइकाचं डोकं तराजूवर आपटलंस, पारड्यात त्याचा दात पडला आणि तू म्हणालास, "घ्या, आता वजन बरोबर झालं." लोक हसले. मीही हसले होते. डायरीत आहे. मग लग्न झालं. गेल्या आठवड्यात मी मागच्या डायऱ्या काढून बसले. तीन वर्षांत चार ठिकाणी 'मनी पडली' असं माझ्या अक्षरात आहे. एकदा 'मनीला ओट्याचा कोपरा लागला'. एकदा 'मनीच्या पदराला बीट. धुवायला सांगितलं'. त्या दिवशी आम्ही बीट वापरलंच नव्हतं. त्याच पानावर वर लिहिलं आहे, 'भाजीवाली आली नाही, रंगाविना काम'. एकाच पानावर, चार ओळींच्या अंतराने, एकाच शाईत. जिला कुणी फसवलं नाही ती बाई स्वतःला इतकी छान फसवते, बारक्या.

आता तो दिवस. एका हॉटेलचा मुख्य आचारी चव घ्यायला आला होता. तू दोन ताटल्या केल्यास, एकीत तुझं मटण, एकीत आमचं सालीचं. डोळ्यांवर फडकं बांधून त्याने दोन्ही खाल्लं आणि आमच्या ताटलीवर बोट ठेवून म्हणाला, हे खरं. फडकं सोडल्यावर पोट धरून हसला. मनीला राहवलं नाही. "चला, आता ह्यांच्याकडे येऊन कुणी बकरं कशाला मारेल? ह्यांना आपण सालं सोलायला ठेवू, वन्सं." आचारी म्हणाला, पगार द्याल ना? तू पण हसलास. मी तुझं तोंड पाहिलं होतं. हसताना तू डाव्या हाताची बोटं टेबलावर फाकवली होतीस. ते मी पाहिलं, आणि पिशव्या घेऊन रसवाल्याकडे निघून गेले. चार वाजले होते.

पावणेपाचला परत आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. बाहेर भाजीवालीने सांगितलं, मनीचा हात साली चिरायच्या मशीनमध्ये गेला, भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेले, हात टॉवेलात गुंडाळला होता. आत टेबलाखाली लाल थारोळं होतं. मी काय केलं ते ऐक. मी पुटपुटले, 'पुन्हा बीट सांडून ठेवलं', आणि सोड्याचं पाणी ओतलं. घाबरले होते, हात चालत राहिले. रंग पिवळा पडला नाही. काळपट झाला, चिकट झाला, फडक्याला ओढ देऊ लागला. मी उभी राहिले. मग मशीन उघडलं. आत कलिंगडाची साल होती, पांढरी-हिरवी, कोरडी. पात्यावर लाल थेंब नाही. मशीन टेबलापासून आठ पावलांवर आहे आणि मधली फरशी स्वच्छ होती. टेबलाच्या फळीवर ताजे घाव होते, दोन सरळ आणि एक तिरका. तुझा सत्तूर मधल्या दारापाशी धुऊन ठेवला होता; पाणी अजून ठिबकत होतं. आणि हाडांची बादली गाडीवाला नुकतीच घेऊन गेला होता. पुढे मनीची तुटलेली दोन बोटं कुठे गेली हे कुणी विचारलंच नाही. मशीनने खाल्ली, असं सगळ्यांनी धरलं.

एवढं सगळं पाहून मी पुन्हा खाली बसले आणि फरशी पुसली. कोपऱ्यापर्यंत. मग मशीन धुतलं, म्हणजे ते धुतलेलं असायला कारण राहील. फळी तासून काढली. संध्याकाळी सवयीने लिहिलं: 'फरशी पुसली. सोडा टाकला. रंग बदलला नाही.' दुसऱ्या दिवशी जबाब दिला की मला बीट वाटलं, आणि मशीनचं झाकण सैल होतं. मनी दवाखान्यातून सांगत राहिली की सत्तूर होता. डॉक्टर म्हणाले, पातं कुठलं ते सांगता येत नाही. वकिलाने मला समजावलं, "ताई, तुम्ही फक्त 'बीट वाटलं' एवढं म्हणा. खोटं थोडंच आहे?" खोटं नव्हतं. सोडा ओतेपर्यंत.

सात महिने मी मनीला भेटले नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती स्वतःच आली, तिच्या चपला आणि डबा न्यायला. आवाज न करता. मी वळले तर खांद्यापाशी उभी, डावा हात ओढणीत. मी रडेन असं तिला वाटलं असावं, म्हणाली, "रडू नका वन्सं, सालं करपतील." मग बसली आणि उजव्या हाताने धागे सोडवायला लागली. पिळताना तिला जमेना. फडक्याचं एक टोक तिने दातात धरलं, एक हातात, आणि पिळलं. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाली, "तेव्हा केली असती तर." थोड्या वेळाने, काम न थांबवता, तिने सांगितलं. तू मधलं दार लावलंस. तिचा हात फळीवर दाबलास. बोटं फाकव, म्हणालास. "आणि मला म्हणाले, मोज. मोठ्याने. मी म्हटलं काय मोजू, तर कानाखाली मारली. म्हणाले, चुकलीस तर पुन्हा एकपासून. तिसऱ्याला मी हात ओढला. हे मी कुणाला सांगितलं नाही वन्सं. कोण खरं मानेल? नवरा बायकोला आकडे मोजायला लावतो, हे ऐकून लोक हसतील."

मी हसले नाही. माझ्या हातातला काटा पातेल्यात पडला. आप्पांच्या मागे जगात दोनच माणसांना ते वाक्य ठाऊक होतं, बारक्या, तुला आणि मला, आणि मनीला ते मी सांगितलं नव्हतं.

रात्रंदिवस तुझी बाजू घेऊन पाहिली. तुला तिची बोटं तोडायची नव्हती, हे मी मानते. आप्पांनाही तुझी तोडायची नव्हती. तू हात ओढला नाहीस, कारण मी मोजत होते आणि तू माझ्याकडे बघत होतास. तिच्यासमोर बघायला कुणी नव्हतं. त्या वेळी मी कलिंगडाच्या साली भरत होते, आणि का गेले होते ते मला माहीत आहे.

परवा कोर्टात माझी साक्ष आहे. मी सोडा सांगणार, मशीन सांगणार, तासलेली फळी सांगणार, आणि शपथ मोडून आप्पांचा ठोकळाही सांगणार. डायऱ्या काल जमा केल्या, 'मनी पडली'च्या पानांवर खुणा घालून. वकील म्हणाले, तुम्हालाही आत बसवतील. बसवू देत. भाजीवालीला सांगून ठेवलं आहे की सालं मनीकडे दे. हे तुला तिथे, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून आज लिहिलं. तू वर बघशील तेव्हा मी तुझ्याकडेच बघत असेन, तेव्हासारखी. आवाज चिरकेल, मला माहीत आहे. चिरकला तर मी पुन्हा एकपासून सुरू करीन.

तुझीच,
ताई